लिकोमा बेटावर नाशिकची खूण

प्रश्न: लग्नाला २५ वर्षं होतायत. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या लिकोमा बेटावर, एखाद्या आलिशान लॉजमध्ये चार दिवस राहावं म्हणतो. तिथं पोहता येतं का? आम्ही शाकाहारी. आणि लॉजबाहेर बघण्यासारखं काही आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तुम्ही नाशिकचे. एक सकाळ मोकळी ठेवा आणि सेंट पीटर्स कॅथेड्रलमध्ये जा. १९०३ मध्ये बांधायला घेतलेलं हे दगडी चर्च त्या एवढ्याशा बेटाला अंमळ मोठंच झालंय. आत एक लाकडी क्रूस आहे. १८७३ मध्ये आफ्रिकेचे शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले तेव्हा त्यांचं हृदय ज्या झाडाखाली पुरलं, त्या झाडाच्या लाकडाचा तो, असं सांगतात. त्या झाडाच्या खोडावर मजकूर कोरला त्यांच्या तांड्यातल्या जेकब वेनराइटनं. गुलामगिरीतून सुटलेला, तुमच्या शरणपूरच्या मिशन शाळेत शिकलेला मुलगा! माझं माहेर पंचवटीत, मलावीच्या राजधानीत, लिलाँग्वेत नऊ वर्षं काढली, तरी हे मला बेटाच्या तिसऱ्या खेपेला कळलं.

खुशाल पोहा, पाणी काचेसारखं असतं. खडकांभोवती निळे-पिवळे सिक्लिड मासे पायाशी येतात. मात्र बिल्हार्झिया नावाचा जंत पाण्यातून कातडीत शिरतो. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून तो नसतो असं नाही. परतल्यावर दोन-तीन महिन्यांनी तपासणी करा, त्यावर औषध आहे. मलेरियाच्या गोळ्या मात्र निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून सुरू करा.

जेवणाचं लॉजला आधी कळवा. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत घेवड्याची उसळ. आमच्या ह्यांना ती इतकी आवडली की घरी पिठलं बाजूला पडलं. किनाऱ्यावर बोरूच्या मांडवांवर उसिपा मासळी वाळत असते. हर्णैच्या बंदरावर नाक दाबत असाल तर तिथंही दाबाल.

मे ते ऑक्टोबर कोरडे महिने. त्यातही म्वेरा नावाचा आग्नेयेचा वारा सुटला की सरोवराचा समुद्र होतो. मी एकदा बोटीनं गेले, रात्री होडीत उतरताना साडी कमरेपर्यंत भिजली. तुम्ही लिलाँग्वेहून छोट्या विमानानं जा. कडक सूटकेस नको, मऊ बॅग घ्या. इथिओपियातल्या आदिस अबाबामार्गे परतणार असाल तर पीतज्वराच्या लशीचा पिवळा दाखला हाताशी असू द्या. लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्यावी लागते.