हंगाम संपत आल्यावर पॅराग्लायडर आणि हँग ग्लायडरवाल्यांनी मिळून डोंगरात उडायला जावं का?

तुम्ही विचारलंय की शरद सरत आला, दिवस आखूड झाले, तरी डोंगरात उडायला जाण्यात अर्थ उरतो का. आणि गटात दोघे हँग ग्लायडरवाले (ताठ चौकटीच्या पंखाखाली पालथे उडणारे) असतील तर बाकीच्या पॅराग्लायडरवाल्यांशी (मऊ कापडी पंखाखाली बसून उडणाऱ्यांशी) त्यांचं जमतं का.

जा की! फक्त किलोमीटर मोजायच्या हिशोबाने जाऊ नका. मोठी अंतरं हे भर उन्हाळ्याचं काम. हँग ग्लायडिंगमधला 764 किलोमीटरचा विक्रम झाला तो 3 जुलै 2012 रोजी, टेक्सासमध्ये. डस्टिन मार्टिन आणि जॉनी डुरांड त्या दिवशी जवळपास अकरा तास उडत होते आणि शेवटी दोघांत जेमतेम काही किलोमीटरचा फरक राहिला. शरदात अकरा सोडा, थर्मलचे, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेचे, तीन तास नीट मिळाले तरी दिवस वसूल.

ऊन तिरपं पडत असल्यामुळे सपाट दरी तापतच नाही. तापतात ते उन्हाला सामोरे असलेले उभे उतार, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेकडचे. त्यात रात्रभर दरीत थंड हवा साचलेली असते आणि तिच्यावर ऊबदार हवेचं झाकण बसलेलं असतं. वर चढणारी कोरडी हवा दर 100 मीटरला साधारण 1 अंशाने थंड होत जाते, त्यामुळे सकाळचं लेचंपेचं थर्मल त्या झाकणाला डोकं आपटून थांबतं. दुपारी उतार पुरेसे तापले की मग वाट मोकळी होते. म्हणून दहा वाजता टेक-ऑफवर धावपळ करणाऱ्यांची मला गंमत वाटते. हँग ग्लायडरवाल्यांनी मात्र लवकरच पोचावं, जोडणी आणि तपासणीत त्यांचा अर्धा तास सहज जातो.

थांबायला आणखी एक कारण आहे, दव. गवत ओलं असताना विंग पसरली की कापड पाणी पितं. लीडिंग एजच्या, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेच्या, कप्प्यांत हात घालून बघा, दुमडीत ओल लागेल. अशी विंग डोक्यावर यायला आळस करते आणि तिचा पॅराशूटल स्टॉलमध्ये (फुगलेली असूनही पुढे न जाता पॅराशूटसारखी खाली येणं) जाण्याचा धोका वाढतो. नाइलाजाने ओल्या विंगवर उडावंच लागलं तर ‘बिग इअर्स’ (पंखाची टोकं दुमडून खाली येणं) करू नका, ब्रेक (पंखाची मागची कड खाली ओढणाऱ्या दोऱ्या) फार ओढून ठेवू नका. मी तर सरळ वाळेपर्यंत थांबतो.

आता एकत्र उडण्याचं. पॅराग्लायडर ब्रेक सोडून ताशी 36 ते 40 किलोमीटरने जातो. हँग ग्लायडर बार (हातातला नियंत्रणाचा दांडा) ओढला की 70 सहज गाठतो. थर्मलमध्ये उलटं होतं: पॅराग्लायडर लहान वर्तुळात गाभ्याला चिकटून राहतो, हँग ग्लायडरला फिरायला जास्त जागा लागते. जो आधी शिरला त्याचीच दिशा सगळ्यांनी धरायची. खालून चढत येणाऱ्याला वरच्याने वाट द्यायची, कारण हँग ग्लायडरचा पायलट पालथा असतो आणि वरचं आभाळ त्याच्याच विंगने झाकलेलं असतं. रिजवर, म्हणजे डोंगराच्या धारेलगत, समोरासमोर आलात तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याला बाजूला सरायला जागाच नसते, म्हणून दुसऱ्याने उजवीकडे वळायचं. हे नियम सगळ्यांना पाठ असतात, पण शरदात उजेडातला एखादाच उतार चालू असतो आणि सगळे तिथेच गोळा होतात. निघण्यापूर्वी पाच मिनिटं उभं राहून एकदा बोलून घ्या, रेडिओची वाहिनीसुद्धा तेव्हाच ठरवा.

खरी फसगत होते ती संध्याकाळी. दरीची एक बाजू सावलीत गेली की तिथली गार हवा उतारावरून खाली वाहू लागते. समोरची बाजू अजून उन्हात असते, म्हणून वर असलेल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय. कधीकधी दोन्ही उतारांवरून घसरलेली हवा मधली ऊबदार हवा अलगद उचलते आणि दरीच्या मधोमध गुळगुळीत लिफ्ट, म्हणजे वर नेणारी हवा, मिळते. सुख आहे ते! पण त्या नादात उशीर होतो. तोवर लँडिंगच्या मैदानावर वारा फिरलेला असतो. दुपारी दरीत वर जाणारा आता खाली येत असतो. आधी उतरलेल्याने विंडसॉक बघून रेडिओवर दिशा सांगावी, विशेषतः हँग ग्लायडरवाल्याला, कारण पाठीमागून वारा असताना त्याचा फ्लेअर (टेकताना नाक वर करून वेग मोडणं) फसला तर नाक जमिनीत. आणि लँडिंगवर सावली किती वाजता येते हे आदल्या दिवशीच बघून ठेवा, त्याच्या अर्धा तास आधी सगळे खाली हवेत.

दोन किरकोळ गोष्टी. वर गारठा जबर असतो, पण ब्रेकचा ताण बोटांना कळेल इतपतच जाड हातमोजे घ्या. आणि एक गाडी सकाळीच खाली लावून ठेवा. वर राहिलेली दुसरी गाडी आणायला पॅराग्लायडरवाल्यानेच जायचं, कारण त्याची पिशवी दहा मिनिटांत भरते आणि हँग ग्लायडरवाले तोवर बॅटन (पंखाला आकार देणाऱ्या काड्या) उपसत बसलेले असतात. यावर वाद घालून उपयोग नाही, आम्ही दरवर्षी घालतो.