आईला मारलेली हाक

या महिन्यात तीन पत्रं एकाच गाण्याबद्दल आली, म्हणून सगळी जागा त्या गाण्याला दिली आहे.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. दोन महिने झाले, क्वीन या बँडचं ‘बोहेमियन रॅप्सडी’ सारखं ऐकते. मी शब्द शोधून वाचले. मुलगा आईला सांगतो की मी एका माणसाला मारलं, पुढे म्हणतो जन्मालाच आलो नसतो तर बरं झालं असतं. नंतर ‘बिस्मिल्ला’ काय, गॅलिलिओ काय, सैतान काय, कशाचा कशाला मेळ नाही. तिला विचारलं तर म्हणते, “आई, तुला नाही कळायचं.” यात काही छुपा अर्थ आहे का? मी काळजी करावी का? (एक आई)

उत्तर : ताई, गाण्यामुळे काळजी करू नका. मुलगी स्वतःबद्दल तसं बोलू लागली, जेवण-झोप बिघडली, तर गाणं बाजूला ठेवा आणि सरळ तिच्याशी बोला. नाहीतर तिला ऐकू द्या. मी तिच्याहून थोडा मोठा होतो तेव्हा हे गाणं असंच माझ्या मानगुटीवर बसलं होतं, आणि माझ्या आईलाही त्यातलं काही कळायचं नाही.

लिहिणाऱ्यापासून सुरुवात करतो. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारोख बलसारा, पारशी घरातला. जन्म १९४६चा, झांझिबारमधला. आठ वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला ठेवलं. तिथे तो पियानो शिकला आणि मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा बँडही काढला. १९६४मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. हे गाणं ३१ ऑक्टोबर १९७५ला तिथेच बाहेर पडलं.

अर्थ विचारला की फ्रेडी टाळायचा. लोकांनी ऐकावं, आपापला विचार करावा, एवढंच त्याचं म्हणणं. ड्रमर रॉजर टेलर म्हणतो की गाणं बऱ्यापैकी सरळ आहे, मध्ये थोडी निरर्थक गंमत आहे. गिटारवादक ब्रायन मे यानेही कुलूप उघडून दिलेलं नाही. कुलूप दिसलं की लोक किल्ल्या घडवतातच, तशा इथेही घडवल्या गेल्या.

सगळ्यात जास्त चालणारी किल्ली अशी : मारलेला माणूस म्हणजे जुना फ्रेडी. त्या काळात तो प्रेयसी मेरी ऑस्टिनबरोबर राहत होता आणि आपल्याला पुरुषांचं आकर्षण आहे हे त्याला उमगत होतं. इंग्लंडमध्ये १९६७पर्यंत पुरुषांमधले शरीरसंबंध हा गुन्हा होता, आणि कायदा बदलल्यावरही घरी हे सांगणं सोपं नव्हतं. तेव्हा खुनाची कबुली ही खरं तर स्वतःबद्दलची कबुली, असा हा अर्थ. गीतकार टिम राइस यांनीही तो मांडला आहे. मला तो खोटा वाटत नाही, पण एक अडचण आहे. फ्रेडीच्या तरुणपणच्या मित्रांच्या आठवणीप्रमाणे आईला खून सांगणारी ओळ क्वीन बँड जन्मायच्या आधी, साठच्या दशकाच्या शेवटी, त्याच्याकडे तयार होती, आणि तिला सगळे ‘काउबॉय साँग’ म्हणत. म्हणजे ओळ आधी आली. तिच्यात आयुष्य नंतर शिरलं असेल. गाणी अशीच होतात, एखादी ओळ वर्षानुवर्षं पडून राहते आणि एक दिवस तिचा मालक तिच्याएवढा होतो.

दुसरी किल्ली इराणची. तिथे २००४मध्ये क्वीनच्या गाण्यांची कॅसेट रीतसर विक्रीला आली. सोबतच्या पत्रकात या गाण्याची गोष्ट दिली होती : एका तरुणाच्या हातून चुकून खून होतो, तो सैतानाला आत्मा विकतो, आणि फाशीच्या आदल्या रात्री ‘बिस्मिल्ला’ म्हणत देवाला हाक मारून आत्मा परत मिळवतो. गोष्ट सुंदर आहे, पण गाणं कान देऊन ऐका. मुलगा म्हणतो, मला जाऊ द्या. त्यावर ‘बिस्मिल्ला’ असा गजर होतो आणि लगेच येतं, नाही, आम्ही तुला सोडणार नाही. ते नाव मुलाच्या तोंडी नाही, त्याला धरून ठेवणाऱ्यांच्या तोंडी आहे. देवाचं नाव घेऊन कुणालातरी अडवून धरणारी माणसं, ही माझ्या मते या गाण्यातली सगळ्यात धारदार जागा. मुस्लिमबहुल झांझिबारमध्ये वाढलेल्या पोराच्या कानावर तो शब्द रोज पडला असणार, त्यासाठी पुस्तक उघडायची गरज नव्हती.

आता माझं मत सांगतो, आणि ते शब्दांतून आलेलं नाही.

मी साउंड रेकॉर्डिस्ट, टेपच्या काळातला. उमेदवारी करत होतो तेव्हा माझ्याकडच्या हेडफोनचा उजवा कान मेलेला होता. नवा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून वर्षभर हे गाणं मी डाव्या कानानेच ऐकलं आणि ते मला पाठ आहे असं समजत होतो. एका रात्री काम संपल्यावर स्टुडिओतल्या धड हेडफोनवर लावलं. मधल्या ऑपेराच्या, म्हणजे पाश्चात्य संगीतनाटकासारख्या भागात ‘गॅलिलिओ’ची हाक डावीकडून आली आणि तिला उजवीकडून उत्तर आलं. मी दचकून मागे वळलो. खोलीत कुणी नव्हतं. ते उत्तर वर्षभर तिथेच होतं, मला फक्त एका बाजूची माणसं ऐकू येत होती. त्या रात्री कळलं की हा खटला आहे. एका बाजूचे ओरडतात सोडा त्याला, दुसऱ्या बाजूचे ओरडतात नाही सोडणार, आणि मधे एक पोरगा उभा आहे.

पण हे ओरडणारे कोण? पन्नास जणांचा कोरस वाटतो ना? तो मुळात तिघांचा आहे : मधल्या पट्टीत फ्रेडी, खाली ब्रायन मे, आणि कानठळ्या बसवणारा वरचा आवाज रॉजर टेलरचा. चौथा, जॉन डीकन, या गाण्यात गायलेला नाही. बाहेरचे गायक बोलावता आले असते, त्यांनी बोलावले नाहीत. तिघांनी तेच तेच पुन्हा पुन्हा गाऊन थरावर थर चढवले. नुसत्या या भागाला तीनेक आठवडे लागले.

चोवीस ट्रॅकच्या, म्हणजे आवाजाच्या चोवीस वेगळ्या पट्ट्या असलेल्या टेपवर हे करणं म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ट्रॅक भरले की त्यातले अनेक एकत्र करून एकावर उतरवायचे, त्याला आम्ही बाउन्स म्हणायचो. मग रिकाम्या झालेल्या ट्रॅकवर पुन्हा गायचं, पुन्हा उतरवायचं. दर खेपेला टेपची सरसर, म्हणजे मागचा सूं-सूं आवाज, वाढते आणि टेप यंत्राच्या हेडवरून, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागावरून, आणखी एकदा घासून जाते. आम्ही हेड साफ करायचो तेव्हा स्पिरिटचा कापूस तपकिरी व्हायचा. तो रंग म्हणजे टेपवरचा चुंबकीय थर, म्हणजे कुणाचातरी आवाज. क्वीनच्या मंडळींनी त्या टेपवर इतके थर चढवले की ती झिजून आरपार दिसू लागली होती, असं ते स्वतः सांगतात. मी त्या ठिकाणी असतो तर रात्री झोपलो नसतो.

आणि सुरुवात आठवा. हे खरं आयुष्य की नुसता भास, असं विचारणारा समूह. व्हिडिओत चौघांचे चेहरे दिसतात, पण ध्वनिमुद्रणात तो सगळा समूह एकटा फ्रेडीच आहे, स्वतःच्याच आवाजावर आवाज चढवत गेलेला.

म्हणून मला वाटतं, ताई, हा खटला एका डोक्यात चालला आहे. आरोप करणारे, बाजू घेणारे, देवाचं नाव घेऊन अडवणारे, सगळे त्याच दोन-तीन गळ्यांतून येतात. आपल्या हातून काही चुकलं, किंवा आपण घरच्यांना अपेक्षित आहोत तसे नाही, हे रात्री अंथरुणात पडल्यावर कसं ऐकू येतं? असंच. एक आवाज म्हणतो जाऊ दे, दहा म्हणतात सोडू नका. सोळाव्या वर्षी तर रोज. माणूस कुठला मेला, हे तुमच्या मुलीला महत्त्वाचं नसेल. त्या गर्दीत उभा असलेला मुलगा हाक आईला मारतो, हे तिला ऐकू येत असेल.

एक करून बघा. तारेचे इयरफोन घ्या, एक बोंड तिच्या कानात, एक तुमच्या, आणि गाणं लावा. ऑपेराचा भाग झाला की तिला काय ऐकू आलं ते विचारा. तुम्हाला वेगळं ऐकू आलेलं असेल. मग कान बदला.

प्रश्न : फ्रेडी मर्क्युरीला एड्स झाल्यावर त्याने मृत्यूच्या छायेत हे गाणं लिहिलं, असं एका मित्राने ठामपणे सांगितलं. खरं आहे का? (एक वाचक)

उत्तर : नाही. गाणं १९७५चं आहे. एड्सची वैद्यकीय नोंदच १९८१मध्ये झाली. घोटाळा का होतो ते समजू शकतो. फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ला गेला, गाणं पुन्हा प्रकाशित झालं आणि ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत परत पहिलं आलं, पाच आठवडे तिथेच राहिलं. पहिल्या वेळी नऊ आठवडे होतं. ज्यांनी ते प्रथम त्या डिसेंबरमध्ये ऐकलं, त्यांना मृत्यूची चाहूल लागलेल्या माणसाचे शब्द वाटले यात नवल नाही. मित्राशी भांडू नका, तारीख तेवढी सांगा.

प्रश्न : मी हार्मोनियम शिकतो. या गाण्याला ध्रुवपद का नाही? आणि हा प्रकार रॉक म्हणायचा की ऑपेरा? ‘रॅप्सडी’ म्हणजे नेमकं काय? (एक विद्यार्थी)

उत्तर : शेवटच्या प्रश्नात बाकीच्यांची उत्तरं आहेत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गाणी शिवणारा. जुने ग्रीक गायक कथाकाव्याचे तुकडे जोडून गायचे, त्यावरून हे नाव. म्हणजे गोधडी म्हणा. गोधडीत एकच नक्षी फिरून फिरून यायचं बंधन नसतं, म्हणून ध्रुवपद नाही. आधी वाद्यांविना समूहगान, मग पियानोवरचं संथ गाणं, गिटारचा एकल तुकडा, ऑपेरा, दणदणीत रॉक आणि शेवटी पुन्हा संथ. एकूण ५ मिनिटं ५५ सेकंद. रेकॉर्ड कंपनीला ही लांबी रेडिओसाठी फार वाटत होती. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरच्या केनी एव्हरेट या निवेदकाने एका शनिवार-रविवारात ते चौदा वेळा वाजवलं, आणि लोक दुकानात मागणी करू लागले.

‘बोहेमियन’ म्हणजे रूढ चाकोरीबाहेर जगणारे कलावंत. पण हा शब्दही आधी ठरलेला नव्हता. २०२३मध्ये फ्रेडीच्या हस्तलिखित कच्च्या प्रतींचा लंडनला लिलाव झाला. एका विमान कंपनीच्या कागदांवर लिहिलेल्या त्या पानांत ‘मंगोलियन रॅप्सडी’ असं शीर्षक होतं. ‘मंगोलियन’ खोडून वर ‘बोहेमियन’ लिहिलेलं. ज्यांना प्रत्येक शब्दात संकेत दिसतो त्यांनी ही खाडाखोड जरूर बघावी. गॅलिलिओ, फिगारो, मॅग्निफिको : सगळे ‘ओ’वर संपतात, तोंड उघडून ताणायला सोपे. शब्द गळ्याने निवडले आहेत. तरी शास्त्रज्ञ गॅलिलिओवर १६३३मध्ये धर्मन्यायालयात खटला चालला होता आणि इथेही खटलाच चालू आहे, हे माझ्या मनातून जात नाही. योगायोग असेलही.

तुम्ही हार्मोनियम घेऊन बसता, तर दोन जागा वाजवून बघा. गिटारचा तुकडा ई फ्लॅट या सुराला धरून आहे. तो उतरत येतो, बँड एकदम थांबतो आणि पियानो हलकेच ए मेजरवर ठोके देऊ लागतो, तिथून ऑपेरा सुरू. ई फ्लॅटला सा धरलात तर ए येतो तीव्र मध्यमावर, म्हणजे सप्तकाच्या बरोबर मध्यावर. वरून मोजा की खालून, घरापासून तेवढंच लांब. शिवण इथे लपवलेली नाही, मुद्दाम दिसू दिली आहे.

दुसरी जागा शेवटची. गाणं सुरू होतं बी फ्लॅटमध्ये. आता बी फ्लॅटला सा धरा. वादळ ओसरतं, काहीच महत्त्वाचं नाही असं तो म्हणतो, वारा कुठेही वाहो म्हणतो, आणि आपण वाट बघतो की सा येईल. तो एफवर थांबतो, पंचमावर. मग रॉजर टेलर गाँगच्या मोठ्या थाळीवर अगदी हळू एक ठोका देतो. पंचमावर बोट ठेवून भाता सोडा आणि तो सूर विझेपर्यंत हात उचलू नका.