वाचकांचे प्रश्न : बाबांसाठी मोठं मिग

प्रश्न : माझे बाबा वायुसेनेत इंजिन फिटर होते. मिग-२१वर त्यांनी बरीच वर्षं काढली. आता पंच्याहत्तरीला त्यांना त्याच विमानाच्या प्लास्टिक प्रतिकृतीचं, भाग जोडून बनवायचं १/३२ प्रमाणातलं किट द्यावं म्हणते. कुरिअर, कस्टम धरून चौदा हजार होतात. १/७२चं मात्र दीड हजारात मिळतंय. एवढा फरक कशाचा? मोठं घेऊ का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, मोठंच घ्या. पण घेण्याआधी बाबांना एक गोष्ट विचारा, ती खाली सांगतो.

१/७२चं मिग पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा सेंटीमीटर भरतं, १/३२चं साडेबावीस. म्हणायला सव्वादोन पट, पण पृष्ठभाग पाच पट होतो आणि आकारमान अकरा पट. त्याचे प्लास्टिकचे भाग बनवायला तेवढा मोठा पोलादी साचा लागतो. एवढं मोठं विमान घरात ठेवणारे थोडे, त्यामुळे साच्याचा खर्च त्या थोड्यांवरच पडतो. शिवाय कुरिअरला खोकं जेवढं मोठं तेवढे पैसे जास्त.

या पैशांत काय मिळतं ते कॉकपिटमध्ये बघा. खऱ्या विमानातली आठ सेंटीमीटरची तबकडी १/७२मध्ये मिलिमीटरभराचा ठिपका होते. १/३२मध्ये ती अडीच मिलिमीटरची होते, आणि भिंगातून काटा दिसतो. पंच्याहत्तरीच्या बोटांना मोठे भाग धरायलाही सोपे जातात. माझ्या दृष्टीने हे कारण सगळ्यात मोठं.

खऱ्या मिग-२१चं इंजिन काढताना मागचा अर्धा भाग, शेपटीसकट, वेगळा करतात. बाबांनी हे काम कितीदा केलं असेल! म्हणून आत पूर्ण इंजिन दिलेलं किट शोधा, आणि शेपूट न चिकटवता शेजारी ट्रॉलीवर ठेवायला सांगा. माझ्या पहिल्या मोठ्या विमानाचं इंजिन मी तीन आठवडे रंगवलं आणि सूचनापत्रकाप्रमाणे विमानाचं धड चिकटवून बंद करून टाकलं. ते इंजिन पुन्हा कधी दिसलं नाही. त्याची हळहळ अजून आहे.

आता तो प्रश्न : बाबांचं मिग-२१ कुठल्या प्रकारचं होतं, एफएल की बिस? एफएलची पाठ सडपातळ, बिसची फुगीर. नाशिकजवळ ओझरला एचएएलने दोन्ही बांधली. चुकीची पाठ फिटरच्या नजरेतून सुटायची नाही. भारतीय खुणांचे डीकल (विमानावर चिकटवायची छापील चित्रं) खोक्यात आहेत का तेही बघा, नसतील तर वेगळे मागवावे लागतात.

रंगकाम एप्रिल-मेमध्ये काढू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अ‍ॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या (रंग फवारायच्या पेनच्या) तोंडाशीच वाळतो, आणि कूलरसमोर बसलं की ओल्या रंगावर धूळ बसते. दिवाळीनंतरची सकाळ उत्तम.

पिटो नळी (नाकापुढची, हवेतला वेग मोजणारी बारीक नळी) धरून १/३२च्या मिगची लांबी पन्नास सेंटीमीटरच्या आसपास जाईल, कपाट मोजून ठेवा. आणि ती नळी सगळ्यात शेवटी लावायला सांगा, हात लागून हमखास तीच तुटते.