ताण की तहान?

प्रश्न वरूड तालुक्यातल्या एका शिक्षकांचा आहे. थंड मुलखातल्या पाइन, स्प्रूस या झाडांच्या सुईसारख्या पानांत हिवाळ्यात पिष्टाची साखर होते. त्याला मराठीत 'शीतताण' म्हणावं का?

नका म्हणू. हल्ली 'स्ट्रेस' दिसला की डोळे मिटून 'ताण' चिकटवतात. परवापरवापर्यंत हे मनापुरतं होतं, आता संत्र्याचं झाडही 'तणावात' असल्याचं ऐकू येतं. झाड तणावात नसतं, ताणावर असतं. दोन्हींत फार अंतर आहे.

दोरीचा ताण, डोक्याचा ताण सगळ्यांना ठाऊक आहे. बगिच्यातला ताण बघा. संत्र्याच्या आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, नोव्हेंबर-डिसेंबरात ओलीत (पाणी देणं) बंद करतात; मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडच्या फुलोऱ्यासाठी, मे महिन्यात. पाणी तुटलं की नवी वाढ थांबते, पण पानं उन्हात अन्न करतच राहतात. खर्च थांबला, मिळकत चालू. उरलेलं पिष्ट होऊन पानांत, फांद्यांत, मुळांत साठतं आणि पुढची कळी त्याच्यावर पोसते. हा ताण हलक्या-मध्यम जमिनीत 30 ते 45 दिवस, भारी काळ्या जमिनीत 60 पर्यंत. पानांची चमक गेली, रंग फिकटला, चौथाई पानं गळली की ताण बसला. त्यापुढे नेलं तर फांद्या वाळून सल (वाळकं लाकूड) होते. ताण तोडताना पहिलं ओलीत हलकं, चार-पाच दिवसांनी दुसरं वाढवून. पहिल्याच पाण्याला आळी तुडुंब भरली, किंवा मधेच अवकाळी आला, तर कळीऐवजी नवती (नवी पालवी) निघते आणि बहार हुकतो.

आता या ताणाचं मूळ. कोशवाले सरळ 'तन्' म्हणजे ताणणे या धातूकडे बोट दाखवतात. दोरीपुरतं ते बरोबर आहे, बागेला लागू नाही असं मला वाटतं. संस्कृत 'तृष्णा', प्राकृत 'तण्हा', मराठी 'तहान' आणि 'तान्ह'; 'तान्हेला' त्यातलाच. वऱ्हाडीत तर 'तान लागली' असंच म्हणतात, आणि इथे ण चा न होतो: पानी, लोनी, कोन. म्हणजे ताण आणि तहान वऱ्हाडी तोंडात एकच. बागवानानं झाडाला तान दिली, म्हणजे तहानेलं ठेवलं. लिहिणाऱ्यानं ती 'शुद्ध' करताना न चा ण केला आणि शब्द दोरीच्या घरात नेऊन बसवला, असं माझं ठाम मत आहे. 'पाण्याचा ताण' म्हणजे पाणी कमी, हा अर्थ ताणण्यातून निघतो कसा, ते कोशवाल्यांनी सांगावं. 'तोडणे' हे क्रियापद दोरीचंच, असा आक्षेप येतो. मग उपास मोडतो, तोही काय काठीसारखा? भूक-तहानेची मुदत संपवायला आपल्याकडे मोडणं-तोडणं जुनंच आहे.

राहिल्या त्या सुया. तिथे तहानेचा नाही, थंडीचा मामला आहे. वसंतात कोंब फुटण्याआधी जुन्या सुयांत पिष्ट साठतं, नव्या कोंबाच्या वाढीत ते खर्च होतं. कडक थंडीत सुयांत पिष्ट जवळजवळ उरत नाही. साखर वाढते, पेशीतला रस सहजी गोठत नाही आणि पेशींचे पापुद्रे टिकतात. ही झाडाची तयारी आहे, त्याला 'शीतताण' म्हणणं चूक. त्यासाठी आपल्याकडे धडधाकट शब्द आहे: निबर, म्हणजे सोसायला कणखर झालेलं. फळ्यावर लिहा: सुया हिवाळ्यात निबर होतात.