वाचकांचे प्रश्न: आठवण मेंदूत असते तरी कुठं?

प्रश्न: आपल्या आठवणी मेंदूत नक्की कुठं असतात? कॉम्प्युटरमध्ये फाईल सेव्ह होते तसं एका ठरावीक जागी असतं का?

नाही, तसं नसतं, आणि हे कळलं त्यात एका पेशंटचा फार मोठा वाटा आहे म्हणून आधी त्याच्याबद्दल सांगते. हेन्री मोलेसन त्याचं नाव, लहानपणापासून फिट्स यायच्या आणि पुढे त्या एवढ्या वाढल्या की धड काम करणंही जमेना. १९५३ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला विल्यम स्कोव्हिल या सर्जननी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलाच्या आत खोलवर असलेला भाग काढला, त्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचाही बराचसा हिस्सा गेला. फिट्स कमी झाल्या पण त्या दिवसापासून नवीन काही डोक्यात टिकेनाच. बोलणं नीट, बुद्धी शाबूत, लहानपणच्या गोष्टी आठवतायत, पण ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्याला वर्षानुवर्षं भेटत राहिल्या तरी त्याला मात्र दर वेळी त्या नवीनच. त्याचं पूर्ण नावही २००८ मध्ये तो गेल्यावरच जगाला कळलं, तोवर सगळीकडे नुसतं ‘एच. एम.’

आता खरी गंमत पुढे आहे. मिल्नरनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली, हे आपल्यालाही सुरुवातीला अवघड जातं कारण हात उलटाच जातो. तो रोज सुधारत गेला, शेवटी सफाईने करायला लागला, आणि दर वेळी म्हणायचा की हे मी आधी कधी केलेलंच नाही! म्हणजे ‘काय घडलं’ हे लक्षात ठेवायची यंत्रणा वेगळी आणि ‘कसं करायचं’ हे हाताला शिकवणारी वेगळी. सायकल, टायपिंग, पोहणं ही दुसऱ्या प्रकारातली, त्यासाठी मेंदूचे दुसरे भाग कामाला लागतात. आणि जुन्या आठवणी त्याला राहिल्या होत्या त्यावरून हेही दिसलं की नवीन आठवण पक्की करायला हिप्पोकॅम्पस लागतो, पण सगळं कायमचं तिथंच ठेवलेलं नसतं.

मग असतं कुठं? तर जोडण्यांमध्ये. मेंदूत साधारण ८६ अब्ज न्यूरॉन म्हणजे चेतापेशी असतात आणि एकेक न्यूरॉन हजारो दुसऱ्या न्यूरॉनशी जोडलेला असू शकतो. १९७३ मध्ये टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसवर प्रयोग करून दाखवलं की एखाद्या जोडणीतून भराभर सिग्नल पाठवले तर ती जोडणी नंतर कितीतरी तास जास्त जोरात प्रतिसाद देत राहते. शिकणं म्हणजे बऱ्याच अंशी हेच, काही जोडण्या घट्ट होणं काही सैल पडणं. एका प्रसंगातलं दिसलेलं, ऐकलेलं, वाटलेली भीती हे सगळं मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत पसरलेलं असतं आणि आठवताना ते परत एकत्र जुळवलं जातं.

प्रश्न: मी आणि माझी बहीण लहानपणचा एकच प्रसंग अगदी वेगवेगळा सांगतो. दोघांनाही शंभर टक्के खात्री. खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. वर म्हटलं तसं आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि जुळवताना नंतर ऐकलेलं, फोटोत पाहिलेलंही त्यात मिसळतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये लोकांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि मग विचारलं, गाड्यांचा स्पीड किती होता? काहींना प्रश्नात ‘धडकल्या’ म्हटलं, काहींना ‘जोरात आदळल्या’. फिल्म तीच पण ‘आदळल्या’ ऐकलेल्यांनी स्पीड जास्त सांगितला, आणि आठवड्याने विचारल्यावर त्यांच्यातल्या जास्त लोकांना फुटलेल्या काचाही आठवल्या, ज्या फिल्ममध्ये नव्हत्याच. माझं स्पष्ट मत आहे, खात्री वाटणं हा आठवण खरी असल्याचा पुरावा धरू नका, बहिणीशी भांडताना तर नाहीच, आणि कोर्टात साक्ष ऐकताना तर हे फारच महत्त्वाचं.

प्रश्न: चार-चार वेळा धडा वाचतो, वाचताना सगळं समजतं, पण परीक्षेत आठवत नाही. स्मरणशक्ती कमी आहे का माझी?

स्मरणशक्ती नाही, पद्धत बदल. परत वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपल्याला वाटतं की आलं! पण ओळखणं वेगळं आणि पुस्तक मिटून स्वतः आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. तेव्हा एकदा नीट वाच, पुस्तक मिट, कागदावर आठवेल ते लिही, चुकलेलं बघ, आणि दोन-तीन दिवसांनी परत तेच कर. आणि आदल्या रात्री जागू नकोस प्लीज, दिवसभरात शिकलेलं पक्कं करायचं काम मेंदू झोपेतही करत असतो.

प्रश्न: वय ५८. ओळखीच्या माणसाचा चेहरा, काम, सगळं आठवतं, नाव तेवढं तोंडाशी येऊन अडकतं. ही डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) सुरुवात आहे का?

एवढ्यावरून तरी नाही वाटत, काळजी करू नका. नाव हे मुळातच आठवायला कठीण असतं. ‘हा डॉक्टर आहे’ म्हटलं की दवाखाना, स्टेथोस्कोप, औषधं असं बरंच काही त्याला जोडलेलं असतं, नावाला तसं काहीच नसतं, त्यामुळे तिथं पोहोचायचे रस्तेच कमी. वयाबरोबर हे वाढतं आणि थोड्या वेळाने नाव आपोआप आठवतंही. मात्र तोच प्रश्न परत परत विचारला जातोय, रोजच्या रस्त्यावर चुकायला होतंय, पैशांचे नेहमीचे हिशोब जमेनासे झालेत असं घरचे म्हणत असतील तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, डिप्रेशन, अपुरी झोप यांनीही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत.