पहिलं .३२ घेताना

परवाना हातात आला म्हणून लगेच पिस्तूल घ्यायला धावू नकोस. ९ मिमी बोअरचं, म्हणजे तेवढ्या व्यासाच्या नळीचं, शस्त्र आपल्यासारख्या सामान्य नागरिकाला मिळत नाही, म्हणजे निवड बहुतेक .३२ (इंच) बोअरमध्येच. नव्या माणसाला मी रिव्हॉल्व्हरच सुचवेन. एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर आपोआप समोर येतं. पिस्तुलात तीच गोळी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, खेचून काढावी लागते, आणि घाबरलेल्या हाताला ते सहज जमत नाही. कानपूरचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर अर्ध्या किलोच्या आसपास आहे, कमरेला जड होत नाही. मात्र हलक्या शस्त्राचा धक्का हाताला जास्त बसतो, तेव्हा नेमबाजीच्या रेंजवर स्वतः गोळी झाडून बघ.

गोळ्या घेताना नीट बघ. रिव्हॉल्व्हरची .३२ आणि पिस्तुलाची .३२ वेगळी असते.

आता खरी काळजीची गोष्ट. पिस्तूल घेतलंसच, तर रिकामं करताना आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढ, मगच स्लाइड ओढ. क्रम उलटला तर दुसरी गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीमागच्या खोबणीत, चढते आणि आपण समजतो शस्त्र रिकामं आहे. डोळ्यांनी बघ, बोटानेही चाचप. मी इतकी वर्षं बाळगतोय, तरी रोज हे करतो. चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर, म्हणजे शस्त्राचं म्यान, घे. नुसतं पँटमध्ये खोचू नकोस. घरी कुलपात ठेव, किल्ली तुझ्याकडेच. आणि लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार? शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. कोणी कितीही आग्रह करो, शस्त्र बाहेर काढायचं नाही.