सिम्पोझियमसाठी ॲबस्ट्रॅक्ट २५० शब्दांत मागितलाय आणि नंतर ए-झीरो पोस्टर करायचंय, रिझल्ट्स अजून अर्धेच आलेत, सुरुवात कुठून करू?

अर्धे रिझल्ट्स आलेत म्हणजे तू बऱ्याच जणांच्या पुढे आहेस, खरं सांगतो. माझा पहिला ॲबस्ट्रॅक्ट गेला तेव्हा हातात एकच ग्राफ होता, तोही वाकडा.

आधी कागदावर एक वाक्य लिही: आम्हाला काय सापडलं. काय केलं ते नाही, काय सापडलं ते. हे वाक्य जमत नाही तोवर वर्डची फाईल उघडूच नकोस, कारण मग पार्श्वभूमीतच १५० शब्द जातात आणि रिझल्टला शेवटी दीड ओळ उरते. पार्श्वभूमी दोन वाक्यं, प्रश्न एक, पद्धत दोन-तीन, आणि उरलेली सगळी जागा रिझल्ट आणि त्याच्या अर्थाला. संदर्भ, आकृत्या यात घालायच्या नसतात.

समज, मिठाच्या पाण्यात बिया उगवतात का असं तुझं काम आहे. बहुतेक जण लिहितात, "मिठाचा उगवणीवर होणारा परिणाम अभ्यासण्यात आला असून निष्कर्षांची चर्चा केली जाईल". अरे पण निष्कर्ष काय? त्यापेक्षा "प्रत्येकी २०० पैकी साध्या पाण्यात १८२ बिया उगवल्या, मिठाच्या पाण्यात ९७" असं लिहिलं की वाचणारा थांबतो. तुझं अर्धंच झालंय तर जेवढं झालंय तेवढ्याचेच आकडे दे आणि हे प्राथमिक आहेत असं सरळ लिही, त्यात लाज कसली. न आलेले रिझल्ट अंदाजाने मात्र लिहू नकोस, पोस्टरच्या वेळी आकडे उलटे आले तर तोंड लपवायला जागा राहत नाही. आणि पाठवायच्या आधी गाईडला दाखव, कोणाकोणाची नावं, कुठल्या क्रमाने, हे तेव्हाच ठरवून घे, नंतर त्यावरून फार कटकटी होतात.

आता पोस्टर. ए-झीरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. पॉवरपॉइंटमध्ये करणार असशील तर स्लाइडचा साइज पहिल्याच मिनिटाला हा टाक, शेवटी बदललास तर सगळी मांडणी विस्कटते. बोर्ड उभे आहेत की आडवे हेही आयोजकांना आधीच विचार. मी विचारलं नव्हतं, आडवं पोस्टर नेलं आणि बोर्ड निघाले उभे, दिवसभर दोन्ही कडा बाहेर लोंबत होत्या आणि पंखा लागला की फडफडायच्या.

पोस्टर म्हणजे रिपोर्ट कापून भिंतीला चिकटवणं नाही. लोक चालता चालता बघतात, त्यामुळे ५०० शब्दांच्या आसपास पुरे (माझ्या मते अजून कमी). शीर्षक ८५ पॉइंट किंवा मोठं, मजकूर २४च्या खाली नाही. ग्राफमधले आकडे आणि अक्षांची नावं सगळे विसरतात, बाकी पोस्टर झकास आणि ग्राफवरची अक्षरं मुंगीएवढी. माइक मॉरिसन नावाच्या संशोधकाने २०१९मध्ये एक डिझाइन मांडलं होतं, मधोमध मुख्य निष्कर्ष मोठ्या अक्षरात साध्या भाषेत आणि तपशील बाजूच्या पट्ट्यांत. मला ते जसंच्या तसं आवडत नाही, मध्ये फार जागा जाते, पण शीर्षकातच निष्कर्ष सांगायचा हे मी त्यातूनच उचललं.

नेटवरून किंवा व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो टाकू नकोस. ६०० पिक्सेल रुंदीचा फोटो १२ इंचावर ताणला की इंचाला ५० पिक्सेल उरतात, छपाईला निदान १५० तरी लागतात, स्क्रीनवर छान दिसतं आणि छापून आलं की धूसर. लाल-हिरव्या रेघा शेजारी नकोत, बऱ्याच जणांना त्यातला फरक दिसत नाही, निळा-नारिंगी घे.

छापायला द्यायच्या आधी पीडीएफ कर आणि ती ए-फोरवर प्रिंट काढून बघ. ए-फोरवर सगळं चौपट लहान होतं, म्हणजे २४चं अक्षर ६चं, ते जवळ धरून वाचता आलं तर पोस्टरवर काळजी नाही. तोच कागद रूममेटला दे आणि अर्ध्या मिनिटाने काढून घे, मग विचार यात काय सापडलंय. माझ्या रूममेटने "काहीतरी पाण्याचं" असं सांगितलं होतं, त्या रात्री शीर्षक तीनदा बदललं.